शाळू, तूर, हरभरा किडीपासून राखण्यासाठी वनस्पतींची भुकटी: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

सोलापूर जिल्ह्यात तूर डिसेंबर-जानेवारीत घरी येते, हरभरा आणि शाळू (रब्बी ज्वारी) फेब्रुवारी-मार्चमध्ये. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पुढे असतो, तोवर धान्य बहुतेक ठणठणीत राहतं. मृग लागला की हवेत ओल येते, दाणा ती ओढून घेतो आणि सप्टेंबरपर्यंत, म्हणजे आपल्याकडच्या सर्वांत जास्त पावसाच्या महिन्यापर्यंत, कोठीत पीठ पडायला लागतं. कडुनिंब, निर्गुडी, वेखंड यांच्या भुकटीने हे बरंचसं टाळता येतं. पण भुकटी काय करते आणि काय करू शकत नाही, हे आधी नीट समजून घ्यायला हवं.

सोंडकिड्याची मादी दाण्याला बारीक भोक पाडते, आत एक अंडं घालते आणि भोक चिकट द्रवाने बुजवते. अळी आतच वाढते, आतच कोष करते आणि पूर्ण वाढलेला किडा बाहेर पडतो. उन्हाळी तापमानात याला साधारण महिना लागतो. या महिन्यात बाहेरून दाणा अगदी निरोगी दिसतो. भुकटी दाण्याच्या बाहेर बसते, त्यामुळे आतल्या अळीला तिचा काही उपद्रव नाही. भुकटी बाहेर हिंडणाऱ्या किड्याला पळवते, त्याचं खाणं आणि अंडी घालणं कमी करते. म्हणून ती कीड लागण्याआधी वापरायची असते. कोठीत सोंडे दिसल्यावर वरून मूठभर कडुनिंब टाकून काही होत नाही, आणि मग लोक म्हणतात की कडुनिंबात दम नाही.

आधी कीड ओळखा

शाळू आणि गव्हात तपकिरी, पुढे सोंड असलेला सोंडकिडा दिसतो. बारीक, लांबट, दंडगोल आणि दाणे पोखरून भरपूर पीठ पाडणारा दिसला तर तो दाणे पोखरणारा भुंगेरा. धान्यावर जाळी दिसली, दाणे एकमेकांना चिकटून गोळे झाले, तर ती पतंगाची अळी. तांबडा चपटा भुंगा बहुतेक फुटक्या दाण्यांवर आणि पिठावर जगतो. तो जास्त दिसला तर मळणीत दाणे फुटलेत किंवा आधीच दुसऱ्या किडीने पीठ पाडलंय असं समजा.

तूर, हरभरा, मूग, मटकी यांचा भुंगेरा वेगळा. तो अंडी दाण्याच्या आत न घालता सालीवर चिकटवतो, पांढऱ्या ठिपक्यांसारखी. अंड्यातून निघालेली अळी थेट आत शिरते. एक मादी शंभराच्या आसपास अंडी घालते आणि महिनाभरात नवी पिढी तयार होते. तुरीत ही कीड पुष्कळदा शेतातूनच, वाळत्या शेंगांवरूनच येते. म्हणजे घरी आलेली तूर स्वच्छ दिसली तरी तिच्यात अळी असू शकते. कडधान्याला सर्वांत आधी ऊन का द्यायचं, ते यावरून लक्षात येईल. भुंगेऱ्याची अंडी बाहेर असल्यामुळे त्यावर तेलाचा पातळ थर फार चांगला चालतो. ते पुढे येतंच.

आणखी एक, खापरा भुंगेरा. त्याची अळी केसाळ, तपकिरी असते. बाकीच्या किडींना कोरडं धान्य मानवत नाही, याला मानवतं. तो वरच्या थरात आणि कोठीच्या, भिंतीच्या फटींत राहतो. वर केसाळ कात पडलेली दिसली तर वरचं फूटभर धान्य आधी बाजूला काढून चाळा आणि फटी बुजवा. एकट्या भुकटीवर इथे विसंबू नका.

वाळवण: निम्मं काम इथेच होतं

शाळू आणि गव्हात ओलावा १० ते १२ टक्के, कडधान्यात ८ ते १० टक्के हवा. ओलावा १० टक्क्यांच्या खाली गेला की सोंड्यांची पैदास फार मंदावते. बाजार समितीत व्यापाऱ्यांकडे ओलावा मोजायचं यंत्र असतं, तिथून वाटीभर दाणे मोजून आणता आले तर उत्तम. घरी दोन गोष्टी करता येतात. दाणा दाताखाली धरून फोडा: कट्ट आवाज येऊन तुटला तर वाळलाय, दबून चपटा झाला तर नाही. दुसरी मिठाची: काचेच्या कोरड्या बाटलीत एक तृतीयांश दाणे आणि दोन-तीन चमचे कोरडं बारीक मीठ घाला, मिनिटभर हलवा, पंधरा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा १५ टक्क्यांच्या वर आहे. मीठ चिकटलं नाही म्हणजे धान्य साठवणीला तयार झालं असं मात्र नाही. १३-१४ टक्क्यांचं धान्यही या परीक्षेत पास होतं, म्हणून दाताची परीक्षा सोडू नका.

ताडपत्रीवर किंवा स्वच्छ गच्चीवर दोन बोटं जाडीचा थर पसरा, दर तासाने पायाने किंवा दाताळ्याने सरी पाडत उलटा. तीन-चार कडक उन्हं पुरतात. जानेवारीत आलेल्या तुरीला तेव्हाचं ऊन पुरेसं नसतं. तिला मार्च-एप्रिलमध्ये पुन्हा ऊन द्या, आणि भुकटी किंवा तेल त्यानंतरच लावा. काळ्या प्लास्टिकवर एक बोट थर पसरून वरून पारदर्शक प्लास्टिक झाकलं आणि चारी कडा दगडांनी दाबल्या, तर सोलापूरच्या उन्हात आतलं तापमान ६० अंशांच्या आसपास जातं आणि दाण्यातल्या अळ्यासुद्धा मरतात. खायच्या कडधान्यासाठी ही पद्धत फार कामाची आहे. बियाण्यासाठी मात्र साधंच ऊन द्या. दाणा पुरता वाळलेला नसताना असं तापवलं तर उगवण मार खाते.

वाळलेलं धान्य लगेच कोठीत भरू नका. गरम धान्य बंद केलं की रात्री पत्र्याला आतून घाम सुटतो आणि कडेचे दाणे भिजतात. संध्याकाळी गोळा करून रात्रभर घरात निवू द्या, सकाळी चाळा आणि मग भरा. चाळताना फुटके दाणे, पीठ, काडीकचरा सगळं वेगळं करा. तांबड्या भुंग्याचं ते खाद्य असतं, आणि भुकटीही दाण्याऐवजी त्या कचऱ्यालाच चिकटून बसते.

कोठी, पोती, कणगी

मागच्या वर्षीचा एक दाणाही आत राहू देऊ नका. जुन्या धान्यावर नवं ओतणं हे कीड लागण्याचं सर्वांत मोठं कारण आहे. पत्र्याची कोठी रिकामी करून उन्हात पालथी घाला, सांधे ब्रशने झाडा. तुरकाठ्यांची कणगी असेल तर आतून-बाहेरून शेणामातीने लिंपून पूर्ण वाळवा. जुन्या वाड्यात बळद (भिंतीतली धान्याची कोठी) असेल तर भिंतीला ओल येत नाही ना ते पाहा. येत असेल तर तिथे धान्य ठेवूच नका, भुकटी ओल भरून काढत नाही. झाडलेला कचरा अंगणात न टाकता जाळा.

जुनं गोणपाट वापरायचं तर ५ टक्के निंबोळी अर्कात बुडवा. ५०० ग्रॅम कुटलेली निंबोळी फडक्यात बांधून १० लिटर पाण्यात रात्रभर ठेवा, सकाळी पिळून काढा, पोती अर्धा तास बुडवून सावलीत खडखडीत वाळवा. पोत्यांची थप्पी लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब ठेवा.

खायचं धान्य वेगळं, बियाणं वेगळं

कोणती भुकटी घ्यायची हे किडीइतकंच धान्य कुठे जाणार यावर ठरतं. पहिल्यांदा करणारे नेमके इथेच चुकतात.

शाळू आपण धुऊन दळत नाही. त्याला निंबोळी गराची भुकटी लावली तर चाळून-पाखडूनही कडूपणा राहतो आणि भाकरी कडू होते. मंगळवेढ्याच्या मालदांडीची चव अशी घालवणं बरोबर नाही. त्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, ते चवीमुळे आणि दाण्यामुळे. म्हणून खायच्या शाळूत आणि गव्हात भुकटी थेट मिसळू नका. सुकलेला अख्खा कडुनिंबाचा किंवा निर्गुडीचा पाला थराथरात घाला: एका क्विंटलला २ किलो सुका पाला, तळाशी एक थर, मग दर फूटभर धान्यानंतर एक आणि शेवटचा जाड थर वर. पाला चुरगळू नये म्हणून थराखाली आणि वर जुन्या सुती साडीचा पदर अंथरला तर दळायच्या वेळी तो सहज उचलता येतो. भुकटीच हवी असेल तर ती तलम सुती पुरचुंड्यांत बांधा, २० किलोला १०० ग्रॅमच्या दोन-तीन पुरचुंड्या, धान्यात वेगवेगळ्या खोलीवर. याचा परिणाम थेट मिसळलेल्या भुकटीपेक्षा कमी असतो, म्हणून खायच्या शाळूत वाळवण आणि हवाबंद कोठी यांवरच भर ठेवा.

तूर, हरभरा, मूग शिजवण्याआधी धुतले जातात, तिथे थोडी मोकळीक आहे. तरीही खायच्या कडधान्यासाठी आमची पहिली पसंती तेलाला. करडई, शेंगदाणा किंवा तीळ, कोणतंही खाद्यतेल, किलोला ५ ते ७ मिली, म्हणजे क्विंटलला ५०० ते ७०० मिली. तेल अंड्यावर पसरतं, अंड्याला हवा मिळत नाही, आणि गुळगुळीत झालेल्या दाण्यावर भुंगेऱ्याला अंडी नीट चिकटवता येत नाहीत. करडईचं तेल आपल्याकडे घरात असतंच. चार-पाच महिन्यांनी त्याला खवट वास येऊ शकतो, म्हणून खायचा साठा त्याआधी संपेल एवढाच एका वेळी तेलावा. शिवाय तुरीची डाळ लवकर करून घेतली तर भुंगेऱ्याचा त्रास पुष्कळ कमी होतो, कारण त्याला वाढायला अख्खा दाणा लागतो.

बियाण्याला मात्र भुकटी मोकळेपणाने लावा. त्यासाठीचं प्रमाण असं:

निंबोळी गराची भुकटी: १० किलोला १०० ते २०० ग्रॅम. तूर-हरभऱ्याच्या बियाण्याला २०० ग्रॅम धरा.
कडुनिंबाच्या पाल्याची भुकटी: १० किलोला ३०० ते ५०० ग्रॅम. किडीला रोखणारं आझाडिरॅक्टिन मुख्यतः बीच्या गरात असतं, पाल्यात फार थोडं, म्हणून पाला जास्त लागतो.
निर्गुडीच्या पाल्याची भुकटी: १० किलोला ३०० ग्रॅम.
वेखंडाची भुकटी: १० किलोला १०० ग्रॅम.
गोवऱ्यांची चाळलेली थंड राख: १० किलोला १ किलो. राख किड्याच्या अंगावरचा मेणचट थर खरवडते, त्याच्या अंगातलं पाणी उडतं आणि तो वाळून मरतो. दाण्यांमधल्या फटी भरल्यामुळे त्याला हिंडताही येत नाही. राख दमट झाली की हा गुण गेला.

वेखंड सर्वांत जोरकस आहे, पण फक्त बियाण्यासाठी. त्यातलं बीटा-असारोन प्राण्यांवरच्या चाचण्यांत कर्करोगकारक ठरलंय. बाळगुटीत वेखंडाचे एक-दोन वेढे उगाळतात म्हणून किलोला १० ग्रॅम वेखंड लावलेलं धान्य खायला चालेल, असा हिशेब करू नका. वेखंड लावलेल्या बियाण्याच्या पिशवीवर ठळक अक्षरात ‘फक्त पेरणीसाठी’ लिहा आणि ती घरातल्या धान्यापासून लांब ठेवा.

बार्शीकडे सीताफळ भरपूर, म्हणून त्याच्या बियांची भुकटी वापरावी असं कुणीतरी हमखास सुचवतं. किडींवर ती चालते, पण डोळ्यात गेली तर बुबुळाला गंभीर इजा होते. नव्याने करणाऱ्यांनी तिच्या वाटेला जाऊ नये. आणि डब्यात चार लवंगा, दोन लाल मिरच्या किंवा हळकुंडाचा तुकडा टाकून कोठीभर धान्य राखता येत नाही. त्यांतली उडणारी तेलं एवढ्या थोड्या प्रमाणात पुरत नाहीत.

भुकटी तयार करणं

कडुनिंबाचा पाला काढताना कोवळी तांबूस पालवी सोडा, पक्की हिरवी पानं घ्या. काड्या काढून सावलीत, हवेशीर जागी पातळ पसरा. उन्हात पाला पटकन वाळतो, पण उन्हाने त्यातलं आझाडिरॅक्टिन मोडतं आणि हातात नुसता चोथा येतो. उन्हाळ्यात पाच-सात दिवसांत पान मुठीत चुरलं की कुर्रकन मोडेल असं होतं. वाळल्यावर वजन साधारण तिसरा हिस्सा राहतं, म्हणजे किलोभर सुक्या पाल्यासाठी ३ किलो हिरवा पाला लागतो. अर्धवट वाळलेला पाला धान्यात घालणं हे पाला न घालण्यापेक्षा वाईट: तो ओल सोडतो, त्याभोवती बुरशी धरते, धान्य तापतं, आणि बुरशीचं विष चाळून निघत नाही.

निंबोळ्या आपल्याकडे जून-जुलैत पिकून पडतात आणि शाळू येतो फेब्रुवारी-मार्चमध्ये. म्हणून या वर्षीच्या धान्यासाठी मागच्या पावसाळ्यातली निंबोळी हवी, तयारी आठ महिने आधी सुरू होते. पिवळ्या निंबोळ्या रोज वेचा, जमिनीवर दोन-तीन दिवस पडलेल्या घेऊ नका. पाण्यात चोळून वरची साल आणि मऊ मगज काढून टाका, बिया धुऊन सावलीत आठ-दहा दिवस वाळवा आणि सुती किंवा गोणपाटाच्या पिशवीत, हवा लागेल अशा जागी टांगून ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत त्यांना बुरशी येते. वापरायच्या वेळी फोडून पाहा: आतला गर हिरवट-पिवळा हवा. काळपट, बुरसट वासाचा असेल तर टाकून द्या. सोललेला गर साधारण बीच्या वजनाच्या निम्मा निघतो.

हा गर तेलकट असतो. मिक्सरमध्ये एकसारखा फिरवला की त्याचा लगदा होतो. खलबत्त्यात किंवा उखळात थोडा थोडा कुटा, आणि दर मूठभर गराबरोबर तेवढीच सुकी पाल्याची भुकटी किंवा राख घाला, म्हणजे भुकटी मोकळी राहते. मोजताना मात्र गराचंच वजन धरा. वेखंडाचे तुकडे आधी उन्हात कडक करून कुटा, त्यासाठी स्वयंपाकघरातला खलबत्ता वापरू नका. कोणतीही भुकटी कुटताना, चाळताना तोंडा-नाकाला फडकं बांधा. पीठ चाळायच्या बारीक चाळणीतून ती गाळून घ्या. भुकटी जितकी बारीक, तितके जास्त दाणे माखले जातात. भरड भुकटीचं प्रमाण बरोबर असूनही ती फुकट जाते.

पाल्याची भुकटी हवाबंद बरणीत, अंधारात तीन-चार महिने ठेवता येते. गराची भुकटी लागेल तेव्हाच करा. शेतीसाठी मिळणारी निंबोळी पेंड इथे चालत नाही. तिच्यातलं तेल काढलेलं असतं, ती भरड असते आणि बऱ्याचदा दमट. ती खतासाठीच ठीक.

मिसळणं

एका वेळी १० ते २० किलोच बियाणं घ्या. ताडपत्रीवर पसरा, मोजलेल्या भुकटीचे तीन भाग करा. एक भाग भुरभुरा, दोघांनी ताडपत्रीची टोकं धरून घोळवा, मग दुसरा, मग तिसरा. प्रत्येक दाण्यावर फिकट धुरकट लेप दिसला पाहिजे. झाकणाचं प्लास्टिकचं पिंप असेल तर ते दोन तृतीयांश भरून आडवं पाडा आणि पाच मिनिटं लोळवा, याने सर्वांत एकसारखं मिसळतं. शाळूचा दाणा गोल आणि गुळगुळीत, त्यावरून भुकटी निसटून तळाशी जाते. म्हणून शाळूच्या बियाण्याला किलोला २ मिली तेलाचा हात आधी फिरवा, मग भुकटी लावा. तुरीला तेल आणि निंबोळी दोन्ही लावायची असतील तर क्रम तोच. उलट केलं तर भुकटीचे गोळे होतात.

खायच्या कडधान्याला तेल लावतानाही हीच रीत: थोडं तेल मूठभर दाण्यांना चोळा, ते दाणे बाकीच्यांत घोळवा, मग पुढचं. सगळं तेल एकदम ओतलं तर शंभर दाणे भिजतात आणि बाकीचे कोरडे राहतात.

कोठी गळ्यापर्यंत भरा, वर मोकळी हवा जितकी कमी तितकं बरं. बियाण्यावर शेवटी दोन बोटं राखेचा थर द्या. झाकणाच्या कडेला शेणमाती किंवा चिकटपट्टी लावून बंद करा, आणि धान्य, तारीख, काय लावलंय ते झाकणावर लिहा.

तपासणी आणि कीड दिसली तर

भरल्यानंतर तीन-चार आठवड्यांनी पहिली तपासणी करा. दाण्यात लपलेली कीड असेल तर ती याच वेळी बाहेर येते. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी, पाऊस नसलेल्या कोरड्या दुपारी उघडा. हात कोपरापर्यंत आत घाला: आत ऊब लागली तर कीड किंवा ओल, दोन्हींपैकी एक नक्की आहे. तळ, मध्य आणि कड अशा तीन जागांहून मिळून किलोभर धान्य काढा, चाळा, खाली पडलेलं पांढऱ्या कागदावर पाहा. तुरीच्या सालीवर पांढरे ठिपके शोधा. वाळवून चाळलेल्या धान्यात एक-दोन जिवंत किडे सापडले तरी पुरे, सगळं बाहेर काढा.

मग क्रम असा: चाळा, कडक ऊन द्या, निववा, पुन्हा चाळा, ताजी भुकटी (खायच्या धान्याला पाला किंवा तेल) पहिल्याच प्रमाणात लावा, आणि तीन-चार आठवड्यांनी हेच परत करा, कारण पहिल्या उन्हातून वाचलेली अळी तोवर किडा होऊन बाहेर येते. पावसात ऊन नसेल तर दोन-चार किलो धान्य फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात, उणे १८ अंशांवर आठवडाभर पिशवीत बांधून ठेवा, आणि बाहेर काढल्यावर पिशवी न उघडता आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या. कीड नसली तरी निंबोळीचा जोर दोन-तीन महिन्यांत ओसरतो, तेव्हा जूनच्या आधी बियाण्याला एक फेर द्यावाच.

पोती मोठ्या संख्येने किडली असतील तर परवानाधारक धुरीकरण करणाऱ्याकडे किंवा गोदामात न्या. घरात सल्फासची गोळी ठेवू नका. तिच्यातून निघणाऱ्या फॉस्फीन वायूने शेजारच्या खोलीत झोपलेली माणसंही दगावतात. खायच्या धान्यात पाऱ्याच्या गोळ्या किंवा बोरिक पावडर घालायची सवय अजून पुष्कळ घरांत आहे, तीही सोडा. यांतलं काहीच वनस्पतीजन्य नाही आणि काहीच पोटात जायला नको.

दळण्याआधी, पेरण्याआधी

खायचं धान्य काढताना पाल्याचे थर उचला, धान्य चाळा, सुपाने पाखडा, तासभर उन्हात ठेवा. तेलावलेलं कडधान्य कोमट पाण्याने दोनदा धुवा. दळून आणलेल्या पहिल्या पिठाची एक भाकरी करून चव पाहा. कडवट लागली तर बाकीचं धान्य पुन्हा पाखडा.

शाळूची पेरणी सप्टेंबर-ऑक्टोबरात, हरभऱ्याची ऑक्टोबरात. त्याच्या पंधरा दिवस आधी उगवण तपासा. ओल्या गोणपाटावर १०० दाणे दहा-दहाच्या ओळीत मांडा, गुंडाळी करून सावलीत ठेवा आणि रोज पाणी शिंपडा. शाळूचे मोड सात-आठ दिवसांत मोजता येतात. शाळू आणि तुरीचे किमान ७५, हरभऱ्याचे ८५ उगवले पाहिजेत, प्रमाणित बियाण्याची अट हीच आहे. त्यापेक्षा थोडे कमी भरले तर बियाण्याचं प्रमाण त्या हिशेबाने वाढवा. निम्म्याच्या खाली गेले तर ते पेरू नका. भोकं पडलेले दाणे मोजणीआधी वेगळे काढू नका, पाभरीतून ते सगळ्यांबरोबरच पडणार आहेत.